श्रावणात गेलेली ज्योत

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी जैवइंधनांवर भाषण ठोकलं तेव्हा समोर अकरा माणसं होती, त्यातली चार चहासाठी आलेली. तरी मी एकेका इंधनाची झडती घेतली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपावर आयतं मिळतं, धूर जरा कमी. पण गाडी कमी पळते आणि उसाला पाणी किती लागतं ते विचारू नये. तळणीच्या जुन्या तेलाचं डिझेल जनरेटरला चालेल, पण वीस घरांत तेवढं तेल निघणार कुठून? उरला ओल्या कचऱ्याचा गॅस. टाकीला एकदाच दणकून खर्च, पुढे कच्चा माल फुकट. शिवाय डंपिंगवर सडून हवेत जाणारा वायू आपल्या शेगडीत जळणार.

टाकीसाठी मी आवारातला जो कोपरा धरला होता, तिथे सेक्रेटरीकाकांना पार्किंग हवं होतं. "टाकी बसव," ते म्हणाले. "पण गणपतीचे मोदक त्यावर उकडून दाखव. नाही जमलं तर टाकी भंगारात."

"डन, काका."

दोन महिने ज्योत झकास जळली. मग गटारी आली. कोंबडीची हाडं, माशांची डोकी, सगळं टाकीत. श्रावणाच्या पहिल्या सकाळी तळमजल्यावरच्या वहिनींनी स्वयंपाकघर घासलं आणि उरलेलं अख्खं फिनेल टाकीत ओतलं.

"केवढो वास मारी होतो गो. श्रावण लागलो ना."

"वहिनी, आतले जंतूच तर गॅस करतात."

"म्हणान तर मारलंय."

ज्योत गेली. काका पार्किंगची मापं घेऊ लागले. मी हट्टालाच पेटले. वहिनींना सोबत घेऊन टाकी उपसली, धुतली आणि आरे कॉलनीतल्या तबेल्यातून चार बादल्या शेण आणलं.

"मॅडम, इसमें क्या है?" रिक्षावाल्याने विचारलं.

"विरजण," मी म्हणाले. खोटं नव्हतंच. पवई गेली तरी त्याने नाकावरचा रुमाल काढला नाही.

पुढे रोज टाकीला तान्ह्या बाळासारखं थोडं थोडं भरवलं.

चतुर्थीला काका शेगडीसमोर खुर्ची टाकून बसले. नैवेद्याचे एकवीस मोदक उकडले आणि गॅस कमी पडून ज्योत मंदावली. बाकीचे सिलिंडरवर.

"हे अर्धवट झालं," काका म्हणाले.

"बाप्पाचे पूर्ण झाले."

काकांनी हातातला मोदक संपवला. "दिवाळीपर्यंत मुदत. तेव्हा चकल्या."

"लाडू करते, काका. तुम्हाला आवडतात."

त्यांनी खुशीत मान डोलावली. बेसन भाजायला मंद आचच लागते, हे मी काही बोलले नाही.