गाण्याची पेटी बसवणारी बाई

"आधी घर दाखवा, पेटी मागनं." दारात चप्पल काढता काढता ही बाई पहिलं हेच म्हणाली. पेटी पिशवीत तशीच. ती मात्र स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत फिरून आली. कोण कुठं बसतं, चहा कुठं पितं, सगळं विचारलं. मला वाटलं, भाड्यानं खोली बघायला आलीय का काय.

पेटी म्हणजे गाण्याची. त्यात कॅसेट नाही, काही नाही. घरातल्या वायफायवरनं गाणी येतात. पुण्यातल्या माझ्या मुलानं ती पाठवली आणि बसवायला या बाईला सांगितलं. बाई पन्नाशीची, तेलुगू घरातली, सोलापुरातच वाढलेली. असली यंत्रं घरोघर बसवून द्यायची. मी चौथी शिकलेला माणूस. मी सरळ सांगितलं, "ओ बाई, हे परत न्या. मला फोन धड उचलता येत न्हाय."

"ज्याला येतंय त्याला मी कशाला लागते मामा?"

ती ओरडून बोलत नव्हती, हे मला लगेच कळलं. चाळीस वर्षं मी यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात कान गेले. लोक माझ्याशी भांडल्यासारखे बोलतात. ही समोर उभी राहून ओठ नीट हलवायची. तिचा बापही मागावरच होता.

पेटीवर एक निळा दिवा सारखा लुकलुकायचा. "हे काय, पोलिसाची गाडी हाय व्हय?" मी म्हणालो. तिनं पर्समधनं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मोठी टिकली दिव्यावर चिकटवली. "आता बसा जवळ." म्हणाली, यंत्र दिसलं की म्हातारी माणसं लांब बसतात. वैराग गावात एका आजीनं पेटीला हळदकुंकू वाहून वाहून बटणंच बुजवून टाकली होती. कुणी चिडलं असतं. ही हसत सांगत होती, "हात तर लावला की तिनं! बटणं काय, पुसता येतात."

मग तिनं विचारलं, "गाणी कुठली घालू?"

"बायको लावायची ती."

"नावं?"

मला एकाचंही नाव सांगता येईना. बायको जाऊन वर्ष झालं होतं. टेप आणि कॅसेटी डोळ्यांसमोर नको झाल्या, म्हणून तेरावा झाल्यावर मीच भंगारवाल्याला दिल्या. महिन्याभरात कळलं काय करून बसलो. सकाळी घर असं गप्प, की कपातला चहा तसाच गार व्हायचा. ती गाणी मला परत पाहिजे होती, आणि कुठली ते ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगा, असल्या माणसाला कोण गाणं लावून देणार?

बाई मात्र पुढं सरकून बसली. "ऐकायचा कधी? सकाळी?"

"ऐकू कुटं यायचं? रातपाळीवरनं आलो की ती लावायची. मी फळीवर हात ठेवून चहा प्यायचो. टेप त्याच फळीवर."

"हात कशाला?"

"सवय. मागावर हात ठेवला की कळतंय कुटं काय सैल झालंय."

तिनं पेटी टेबलावरनं उचलली आणि फळीवर, टेपच्या जागी, स्क्रूनं घट्ट बसवली. तशीच शेजारच्या मल्लव्वाकडं गेली. मल्लव्वा अक्कलकोटकडची, माझ्या बायकोच्या माहेरची. बायकोचं आणि तिचं बोलणं कानडीत चालायचं. अर्ध्या तासानं बाई कागदावर सात नावं लिहून घेऊन आली. सगळी कानडी भजनं. तिला कानडी येत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं.

"हात ठेवा मामा."

पहिलं लावलं. मी म्हणालो, "न्हाय." दुसरं, तिसरं, चौथं, न्हाय. आवाज वाढवायला मल्लव्वा दारातनं सांगत होती, तिला हिनं हातानंच गप्प केलं. पाचवं लागलं आणि फळी अशी थरथरली, की मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"हे."

"कशावरनं?"

"मधी एकदा थांबतंय. मग दोनदा जोरात येतंय. तितं ती चहाचं पातेलं उतरवायची."

बाईनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. लगेच कामाला लागली. पेटीला सहा बटणं. पाचांवर चिकटपट्टी मारली, एक मोकळं ठेवलं. "हे दाबा. बास. बाकीची माझी."

नंतर ती मधनंमधनं यायची. कधी वायफाय गेलेलं असायचं, कधी मीच वायर काढून ठेवायचो. तिला कळायचं. वायर खोचून म्हणायची, "आज बी उंदीर आला होता वाटतं."

यंदा ती लेकीकडं हैदराबादला राहायला गेली. जायच्या दिवशी आली, चहा घेतला, आणि एकदम म्हणाली, "मामा, मी बघू का एकदा?"

मी बटण दाबलं. तिनं फळीवर तळवा टेकला, डोळे मिटले.

"मला तर नुसती थरथर लागतीय."

"तेवढंच हाय बाई."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असल्याचं मल्लव्वानं येऊन सांगितलं. बाईनं दुसऱ्या हातानं थांब म्हणून खूण केली. गाणं संपेपर्यंत तिनं फळीवरचा हात काढला नाही.