गाणं कापलेला कार्यक्रम

आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी फर्माईशीचा कार्यक्रम करते. आमचा आवाज रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कसाबसा पोचतो, आणि ऐकणाऱ्या बायकांचे निम्मे नवरे आखातात. म्हणून कार्यक्रम डाउनलोडला ठेवा, असा सगळ्यांचा धोशा. ठेवायचा कसा? आमच्याकडे गाणी हवेत वाजवायचा परवाना आहे, उतरवून द्यायचा नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्ड तिसऱ्याच कंपनीची. पत्रं लिहून लिहून थकले मी. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गाणं ज्याचं त्याचा हक्क, मला मान्य आहे हो. पण वैताग यायचा तो येतोच. शेवटी मी गाणी कापून नुसतं बोलणं डाउनलोडला ठेवायला लागले.

आमच्या बायकांची एक खोड. फोन लागला की तोंडाला कुलूप. "नमस्कार ताई, आमच्या ह्यांच्यासाठी गाणं लावा," की संपलं. म्हणून मी फोन चालू ठेवूनच हळूच गाणं सुरू करायची. गाण्याच्या आडून त्यांना धीर यायचा, मग मनातलं बोलायच्या. आणि नेमकं तेच गाण्याबरोबर कापलं जायचं.

बाजारपेठेमागची एक भाभी दर गुरुवारी फोन करायची. नवरा आखातात ट्रक चालवायचा. गेल्या पावसाळ्यात ती तापाने अचानक गेली. तिचा चाळीसाव्या दिवसाचा विधी आटोपून नवरा थेट केंद्रावर आला. "तिचा शेवटचा कार्यक्रम गाण्यासकट पुरा द्या," म्हणाला. तशी परवानगी नाही हे सांगताना माझीच मला लाज वाटली. पण हवेत पुन्हा लावता येत होतं. गुरुवारी लावला.

तो बाहेर बाकावर रेडिओ घेऊन बसला. गाणं सुरू झालं आणि त्यावर तिचा आवाज आला, "उन्हातानात उपाशी गाडी चालवू नका. फोनवर भांडते मी, पण तुमच्याबिगर घर खायला उठतं. लवकर या."

गाणं संपल्यावर मी बाहेर आले, तरी त्याने रेडिओ बंद केला नव्हता.

"तिकडे मी दर वेळी उतरवून ऐकायचो, ताई. नमस्कार, गाणं लावा, एवढंच. आमच्या दोघांच्या शेवटच्या फोनवर मी तिला टोचून बोललो, जगाला गाणी ऐकवतेस, माझ्यासाठी दोन शब्द नाहीत तुझ्याकडे."

"मग?" मी विचारलं.

"हसली. म्हणाली, पुढच्या वेळी नीट ऐका."