टपावरच्या काचा

आमच्या गाडीला भावकीतले लोक चाकावरचा बंगला म्हणतात आणि हसतात. हसू देत. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आम्ही नवराबायकोनं त्यात एक पलंग, छोटा ओटा आणि टपावर सोलरच्या दोन पाट्या बसवल्या, त्या काही हौसेपायी नव्हे. सासूबाईंची फुप्फुसं थकली होती. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, त्यामुळं लातूरच्या घरात त्या एका खोलीत, एका स्विचबोर्डाजवळ अडकून पडल्या होत्या. त्यांना माहूरला जाऊन रेणुकामातेला साडीचोळी वाहायची होती. डॉक्टर म्हणाले, वाटेत मशीन बंद पडणार नसेल तर खुशाल जा. बाकी सगळे नको म्हणाले. मी जायचं ठरवून टाकलं.

आमच्या ह्यांचा जन्म एसटी चालवण्यात गेला. त्यांचं म्हणणं सोपं होतं, "जिथून येष्टी जाती तिथून आपली गाडी जाती. उंचीला कमीच हाय की."

उंचीत चूक नव्हती, सवयीत होती. एसटी फांद्यांखालून कुठं जाते, ती फांद्यांमधून जाते. टप पत्र्याचा; घासला तर रंग उडतो, ड्रायव्हर वर बघतसुद्धा नाही. सासूबाईंना नेण्याआधी गाडी एकदा बघून घ्यावी म्हणून आम्ही दोघंच चाकूरकडच्या आडरस्त्यानं निघालो. समोरून ट्रॅक्टर आला आणि ह्यांनी गाडी खुशाल कडेच्या बाभळीत घातली. डोक्यावर करकर वाजलं. घरी येऊन शिडी लावली तर एका पाटीची काच आडवी तडकलेली. ती पाटी म्हणजे ह्यांच्याच आईचा श्वास, आणि हे म्हणतात, फांदीच तर होती. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी नुसती भांडी आपटत राहिले.

नवी पाटी आणली. ह्यांनी सुचवलं, झाडी आली की वर जाड गोधडी टाकू. गोधडीखाली सोलर कसं चालणार, एवढं विचारल्यावर तो विषय मिटला. मग त्यांच्या जुन्या दोस्ताच्या, चाचांच्या गॅरेजात गाडी नेली. चाचांनी लोखंडी पाईपचा सांगाडा केला. पुढच्या बाजूला उतार दिला, म्हणजे आलेली फांदी काचेवर न आपटता पाईपवरून चढून मागं घसरते. काम देखणं झालं. पण उन्हात उभी करून मशीन लावून बघितलं तर बॅटरी भरेना. आडव्या पाईपांची सावली नेमकी पाट्यांवर पडत होती. मी म्हणाले, कापा. चाचांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "भाभी, फिरसे बिघडलं तर?" म्हटलं, परत कापू. शेवटी पाईप पाट्यांच्या कडेला आणि दोन पाट्यांच्या मधल्या फटीवर आले. सांगाडा नटबोल्टनं टपाला आवळला. त्यानंतर ह्यांना घेऊन तोच बाभळीचा रस्ता मी पुन्हा तुडवला. फांद्या वरून सुरळीत सरकल्या. तरी मी बजावलं, गाडी चालवताना तुम्ही समोर बघायचं, वरचं मी बघणार.

सासूबाईंना पलंगावर निजवून निघालो. नांदेड ओलांडलं, माहूरकडं लागलो. मशीनचा आवाज एका लयीत चालू होता, आणि तो चालू आहे तोवर माझा जीव ठिकाणावर होता. एका गावात लग्न होतं. रस्त्यावर आडव्या पताका बांधलेल्या आणि टीव्हीच्या केबलची वायर पार खाली लोंबलेली. विजेची तार असती तर मीच गाडी मागं घ्यायला लावली असती. पण केबलसाठी परत फिरायचं, म्हणजे म्हातारीचे हाल करत लांबून वळसा घ्यायचा. सांगाड्यात वायर अडकली तर पाट्याच ओढल्या जातील म्हणून हे अडून बसले.

कडब्याच्या गाड्या आमच्याकडं अशाच जातात. टोकाला बेचकं असलेली काठी घेऊन एक माणूस वर बसतो, वायर उचलत जातो. तसली वाळलेली काठी मी निघतानाच गाडीत टाकली होती. पदर खोचला आणि टपावर चढले. पन्नाशी उलटलेली बाई गाडीवर उभी बघून वऱ्हाड जेवण सोडून बाहेर आलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसण्याकडं बघायला मला सवड नव्हती. हे पाऊल पाऊल गाडी पुढं घेत होते आणि मी काठीनं एकेक दोरी, वायर उचलून पाठीमागं सोडत होते. काचेला काही लागलं नाही.

माहूरला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन सासूबाई डोलीतून वर गेल्या, साडीचोळी वाहून खाली आल्या. पलंगावर टेकल्या, मशीन लावलं, धाप खाली बसली. मला रडू आलं. सगळं झालं, आता त्यांना सुखरूप घरी नेऊन सोडायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी डोळे उघडून वर बघितलं.

"वरच्या काचा धड हायत का?"

"हाव, आत्या."

"मग घरी नगं. देगलूरला न्या मला, माझ्या माहेरी. आन् तिकडं झाडं लई हायत, आत्ताच सांगून ठेवते."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी पाना घेतला आणि सांगाड्याचे नट आवळायला वर चढले.