चीक न आलेलं करवंद

बी.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. नोकरी मात्र गुरुग्राममध्ये, दिवसभर स्क्रीनसमोर. झाडांशी संबंध उरला तो बाल्कनीतल्या चार कुंड्यांपुरता. माझी सात वर्षांची मुलगी इथेच वाढली. तिला करवंद हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, आणि ते मला फार लागायचं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी तिला सोसायटीमागच्या अरवलीच्या रानात घेऊन गेले. रान म्हणजे किकरच्या, आपल्या बाभळीसारख्या झाडांच्या, काटेरी फांद्या, लाल माती आणि फांद्यांमधून दिसणारे टॉवर. दहा वाजेपर्यंत ऊन तापलं आणि मोरांचं ओरडणं एकदम थांबलं. वारा नव्हता. आमच्या चपलांचा आवाजही मोठा वाटायला लागला.

वाट वळली तिथे एक झुडूप होतं. माझ्या खांद्याएवढं, गोल, वरपासून खालपर्यंत हिरव्या पानांनी झाकलेलं.

"आई, ये बैठा है," मुलगी थांबून म्हणाली.

"काय बसलंय?"

"झाड. चादर घेऊन बसलंय."

मलाही क्षणभर तसंच दिसलं. गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावरून पांघरूण ओढून कुणीतरी बसावं तसं. पण जवळ गेले तर पानांतून काटे बाहेर आलेले, आणि काट्यांमध्ये काळी-जांभळी फळं. मला इतका आनंद झाला की मी पुढे काही बघितलंच नाही.

"करवंदं," मी म्हटलं. "आमच्याकडे डोंगरभर असतात."

"इतकी छोटी?"

"दिल्लीची करवंदं छोटीच असणार. इथलं पाणी कसं आहे बघतेस ना?"

मग मी तिला आमचा खेळ शिकवला. करवंद अर्धं चावायचं आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तिने एक फळ चावून माझ्यासमोर धरलं. मी डबा शोधत होते, घरी दाखवायला एक डहाळी न्यायची होती.

"कोंबडा," मी न बघताच म्हटलं.

तिने ते खाल्लं. आणखी दोन खाल्ली. मी डहाळी तोडली आणि तोडल्या जागेवर सवयीने अंगठा फिरवला. करवंदाचा देठ तोडला की पांढरा चीक येतो. बोटं चिकट होतात, आणि ते आजीच्याही आधीपासून सगळ्या पोरांना ठाऊक असतं. माझा अंगठा कोरडा राहिला.

मी हाताने पानांचा पडदा बाजूला सारला. आतलं काटेरी झुडूप वाळून गेलेलं होतं, बहुधा कितीतरी वर्षांपूर्वी. राखाडी फांद्या आणि काटे तेवढे शिल्लक होते. पानं आणि फळं दुसऱ्याच कुणाची होती, त्या मेलेल्या झुडपावर चढून बसलेल्या वेलीची.

"कडू आहे," मुलगी म्हणाली. तिचे ओठ जांभळे झाले होते.

मी तिला घेऊन हॉस्पिटलला निघाले. गाडीत ती बोलेनाशी झाली, मग डोळे मिटले. ती एरवीही गाडीत झोपते. पण त्या दिवशी मी प्रत्येक सिग्नलला तिच्या नाकासमोर बोट धरलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाया है?"

"करौंदा," मी म्हणाले. कसं तोंडातून गेलं कळलं नाही. डॉक्टरांचा चेहरा लगेच सैल पडला. करौंदा तर त्यांच्याकडेही लोणच्यात असतो. पेन बंद करून ते उठायला लागले, आणि मला तो कोरडा अंगठा आठवला.

"नाही," मी मराठीतच म्हणाले, मग हिंदीत, "करौंदा नहीं है, डॉक्टर साहब. मुझे नहीं पता क्या है." पदवी घेतल्यापासून झाडाबद्दल हे वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं.

ते पुन्हा बसले. संध्याकाळपर्यंत मुलीला इथेच ठेवायचं, आणि नाव शोधा, असं म्हणाले.

मी कॉलेजच्या सरांना फोन लावला. ते आता रिटायर झालेत.

"काटे आणि फळं एकाच फांदीवर होती का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"म्हणजे दोन झाडांचं एक केलंस. फर्स्ट क्लास ना तू?" मग आवाज बदलून म्हणाले, "बी फोडून बघ."

डहाळीवरचं फळ मी नखाने फोडलं. आत लाल नव्हतं, पांढरंही नव्हतं. एक चपटी बी होती, एखाद्या इवल्या कानासारखी वळलेली.

"पानं मऊ, लव असलेली आहेत? मग पाण्यात चुरून ठेव. तोवर डॉक्टरांचं ऐक."

प्लॅस्टिकच्या ग्लासात पाणी घेऊन मी पानं कुस्करली, चोथा काढून टाकला आणि ग्लास खिडकीत ठेवला. पाणी हिरवं झालं. मुलगी झोपली होती. मी एकदा तिच्या छातीकडे बघत होते, एकदा ग्लासकडे. बाहेर ऊन तसंच थिजलेलं होतं. थोड्या वेळाने मी ग्लास वाकडा केला. पाणी वाकडं झालं नाही. उलटा केला, तरी ते आतच राहिलं, नुसतं थरथरलं.

"वासनवेल. तिच्या पानांनी पाणी असंच गोठतं. घाबरू नकोस, विषारी नाही," मी पुन्हा फोन केल्यावर सर म्हणाले. मी डॉक्टरांना नाव लिहून दिलं. गावाकडे आमच्या बांधावरही असते ती. मी तिच्यावरून शेकडो वेळा चालत गेलेय.

संध्याकाळी मुलगी उठली, भूक लागली म्हणाली. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. निघताना तिने ग्लासात बोट घातलं आणि झटकन काढलं.

"आई, ते कोंबडा नव्हतं," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. तू बघितलंच नाहीस."

"हो," मी म्हटलं. "नव्हतं बघितलं."