मानेकडून मोजलेले मणके

चोविसावं लागलं आणि कमरेच्या दुखण्यानं मारेनला स्वतःचे मोजे घालता येईनात. पलंगाच्या काठावर बसून ती मोजा अंगठ्यात अडकवायची, दात खाऊन वर ओढायची, आणि तेवढ्यानं घामाघूम व्हायची. युटलंडच्या खाडीकाठच्या कत्तलखान्यात ती पाच वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. अर्धं डुक्कर समोर आलं की वाकायचं, कंबर पिळायची, सुरी फिरवायची. डुकरांच्या जळक्या केसांचा वास तिच्या उशीलासुद्धा येई. त्याची तिला सवय झाली होती. मळमळायचं ते कंपनीच्या डॉक्टरच्या, क्लाउसच्या, खोलीतल्या पुदिन्याच्या वासानं.

काम शिकवलं ते शेजारी उभ्या असणाऱ्या इंगेरनं. पहिल्याच दिवशी तिनं दरडावलं होतं, "शेपटीकडून मोजायचं नाही. तिथं डुकरं फसवतात." एखाद्याला मणका जास्त असतो, एखाद्याचा शेवटचा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असतो. म्हणून पट्ट्यावर सगळे मानेकडून मोजत.

आता क्लाउसनं तिच्यापुढे सहीला कागद ठेवला होता. एक्स-रेत कमरेचा शेवटचा मणका एका बाजूनं खालच्या हाडाला जुळलेला दिसत होता. एमआरआयच्या अहवालात चौथ्या मणक्याखालची गादी दबलेली होती. क्लाउसनं दोन्हींची सांगड घातली: गादी त्या जुळलेल्या मणक्यावरच बसली आहे, म्हणून दुखणं जन्माचं, कामाचं नव्हे. कामातली इजा ठरली असती तर कंपनीला तिला बसून करायचं काम द्यावंच लागलं असतं. सही केली तर तसंच पट्ट्यापाशी उभं राहायचं, नाहीतर घरी जायचं.

"जन्मतःच असं होतं, मारेन. कुणाचाच दोष नाही," असं म्हणून त्यानं पेन पुढे केलं. त्याची नखं इतकी स्वच्छ होती की तिला शिसारी आली.

पेन तिनं घेतलं नाही. पडद्यावर कोपऱ्यात अख्ख्या कण्याचं छोटं चित्र होतं. ते मोठं कर म्हणाली. मग चरबीचा वास मुरलेलं बोट वरून खाली नेत ती मोजू लागली. मानेचे सात. बरगड्यांचे बारा. बरगड्या संपल्यावर कमरेचे, एक, दोन, तीन... सहा.

"माणसाला कमरेचे पाचच असतात," क्लाउस म्हणाला.

"मोज तू. मानेकडून."

त्यानं मोजले. पुन्हा मोजले. जुळलेला मणका सहावा होता. अहवाल लिहिणाऱ्यानं वरून मोजलं होतं, यानं खालून. चौथ्याखालची दबलेली गादी आणि ते जुळलेलं हाड यांच्यामध्ये पाचवा मणका चांगला धडधाकट उभा होता. गादी दबण्याचा त्या हाडाशी संबंधच नव्हता.

क्लाउसनं कागद ओढून घेतला आणि 'जन्मजात'वर रेघ मारली. 'कामामुळे असण्याची शक्यता' असं लिहून सही केली. चुकलं म्हणाला नाही. दाराशी मात्र आवाज उतरवून म्हणाला, "खाली याचा गवगवा नको करूस. लोक उगाच जुने कागद उकरत बसतील."

कागद हातात आला होता, तिचं काम झालं होतं. तरी जिन्यावर ती मध्येच थांबली. हा माणूस सगळ्यांचेच मणके खालून मोजत आला होता.

शुक्रवार होता. जेवणघरात गरम पावांच्या टोपल्या, लोणी, यकृताची पेस्ट. तो वास नाकात जाताच तिनं ताट लांब सारलं आणि सगळं इंगेरला सांगितलं. इंगेर चावता चावता म्हणाली, "एक मणका जास्त? डुक्कर असतीस तर तुझी पैदास वाढवली असती त्यांनी. लांब पाठ फार आवडते त्यांना."

मारेन हसली नाही. "तुझ्या कागदावर काय लिहिलं होतं, इंगेर?"

इंगेरचं चावणं थांबलं. गेल्या वर्षी तिनंही एका कागदावर सही केली होती आणि तेव्हापासून ती दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून उभी होती. तिनं हात एप्रनला पुसले, फोन काढला, स्वतःच्या कण्याचं चित्र शोधलं आणि पावांची टोपली बाजूला सरकवून तो मारेनपुढे ठेवला.

"मोज," ती म्हणाली. "वरून."