जानव्याखाली राहिलेली जागा

या सदरातील अनुभव मी आजवर वाचत आलो ते हातात पेन्सिल घेऊन. तेहतीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकवले, त्यामुळे उत्तरपत्रिका तपासण्याची खोड अंगात मुरली आहे. कुठे वारा होता, कुठे झोप अपुरी होती, कुठे सांगणाऱ्याने ऐकीव गोष्ट आपल्या पदरची म्हणून सांगितली... समासात खूण करीत जायचे आणि शेवटी अंक मिटून ठेवायचा. मी देव मानतो, रोज पूजा करतो, पितरांचे श्राद्धही यथासांग करतो. परंतु गेलेले माणूस परत येऊन काही करते, ही गोष्ट मी कधीच मानली नाही. आजही मानतो असे म्हणवत नाही. तरी गेल्या पौषात माझ्या घरी जे घडले ते कुणापुढे तरी मांडल्यावाचून चैन पडेना, म्हणून हे लेखन.

मी बहात्तर वर्षांचा आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्यामार्गे मालगुंडला जाणाऱ्या रस्त्यालगत, मालगुंडच्या थोडे अलीकडे आमचे चार खोल्यांचे चिऱ्याचे घर आहे. मागे पडवी, पडवीला लागून न्हाणीघर, पलीकडे दहाबारा पोफळी आणि केळीचे बेट. हे घर मी आणि माझी पत्नी सुनंदा, आम्ही दोघांनी बांधले. ती जाऊन दोन वर्षे होतील. मुलगी मेधा पुण्यास असते.

विषय सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण विषय माझ्या पाठीचा आहे. माझी त्वचा जन्मापासून कोरडी. थंडीत डोंगराकडून मतलई वारा सुटला की पाठीला भेगा पडतात. पूर्वी खोबरेल पुरत असे. पुढे डॉक्टरांनी पांढरे लोशन दिले. एकेचाळीस वर्षे, स्नान झाले की मी पडवीत पाटावर बसायचे आणि सुनंदाने पाठीला लावायचे, असा क्रम होता. ती लोशन आधी दोन्ही तळव्यांत चोळून कोमट करी. एरवी थंड थेंब पडला की मी दचकत असे, आणि मग ती म्हणे, "चावत नाही हो ते!"

लावण्यापूर्वी ती आणखी एक गोष्ट करी. माझा उजवा हात जानव्यातून बाहेर काढून जानवे गळ्यात माळेसारखे अडकवून ठेवी. शास्त्रात याला निवीत म्हणतात आणि ते मुख्यतः ऋषितर्पणाच्या वेळी सांगितले आहे. यावरून आमचा वाद ठरलेला.

"अगं, हे ऋषितर्पणाला करायचं. रोज सकाळी कसली माळ घालतेस मला?"

"मग ऋषींनाच लावतेय असं समजा. आणि ऋषींनी जरा हलू नये, मला गॅसवरचं दूध बघायचंय."

लावून झाले की जानवे पुन्हा जागेवर, पाठीवर दोन थापा, "झालं!" आणि ती आत.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत मी पाठीचा विचारच केला नाही. दुसऱ्या थंडीत मात्र मणक्यावर, दोन्ही खांद्यांच्या हाडांच्या बरोबर मधोमध, एक भेग पडली आणि चिघळली. मेधा दिवाळीला आली होती. तिने सदऱ्यावर रक्ताचा डाग पाहिला आणि मला थेट रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"काका, बाकी पाठ ठीक आहे. पण इथे काहीतरी सतत घासतंय," त्या म्हणाल्या. "खुर्ची? शर्टाची शिवण?"

मी पुष्कळ विचार केला आणि नाही म्हणालो.

परतताना गाडीत मेधाने स्पष्टच सांगितले, "बाबा, आता पुण्याला चला. इथे तुमच्या पाठीला औषध लावायलासुद्धा कोणी नाही."

"माझे देव?"

"देव पण नेऊ."

"देवांना विचारलंस?"

ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. माझी लेक वाईट नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला वेळेवर पोचता आले नव्हते, आणि ते शल्य ती माझ्यावर माया करून फेडते आहे. अखेरीस तिने अट घातली. पौषाच्या शेवटी डॉक्टरीणबाई पुन्हा पाहतील. तोवर जखम भरली, आणि तीही मी एकट्याने औषध लावून भरली, तर राहावे. नाही तर घर बंद करून पुण्याला यावे. मी शब्द दिला. शब्द देताना वाटले, पाठ ती केवढी, आणि त्यात काय न जमण्यासारखे आहे?

मेधाने कुरियरने स्पंज लावलेली एक लांब दांडी पाठवली. त्या दांडीने लोशन पाठीला कमी आणि पडवीच्या भिंतीला अधिक लागले. मग मला एक युक्ती सुचली. केळीचे पान जमिनीवर पसरावे, त्यावर लोशन ओतावे आणि आपण त्यावर उताणे निजावे. निजलो, डावीकडे-उजवीकडे थोडा घसरलोही. एवढ्यात शेवंतीबाई मागच्या दाराने आल्या. आमच्याकडे पोफळीच्या सुपाऱ्या सोलायला आणि झाडलोटीला त्या वीस वर्षे येतात.

"काय ओ गुरुजी! आज पानावर सोताच वाढून बसलाव?"

मला उठताही येईना. त्यांनी पंचा माझ्या अंगावर टाकला आणि हसत भिंतीला टेकल्या. "वैनी आसत्या तर हसून मेल्या आसत्या हो..." एवढे बोलून त्यांनी जीभ चावली. मग आम्ही दोघेही पुष्कळ हसलो.

"मी लावून देतंय. तुमच्या पाठीला हात लावला तर काय बाटताव की काय?"

"तसं नाही हो शेवंतीबाई. मेधाला शब्द दिलाय, एकट्यानं लावीन म्हणून."

हे खरे होते. त्याच्या खाली आणखी एक खरे होते, ते मी बोललो नाही. ज्या पाठीला एकेचाळीस वर्षे एकच हात लागला, तिला दुसऱ्या हाताची सवय लावायची माझी तयारी नव्हती.

केळीच्या पानात मोठा दोष हा निघाला की पाठीचा मधला खळगा पानाला टेकतच नाही. आणि जानवे मात्र लोशनाने माखून निघते. माखलेले जानवे मला चालत नाही. एका आठवड्यात तीन जानवी बदलली. शेवटी पंचाचा मार्ग धरला. पंचाची लांब, चार बोटे रुंद घडी करायची, मध्यावर लोशन ओतायचे, एक टोक खांद्यावरून आणि दुसरे कमरेकडून धरून मागे आडवातिडवा ओढायचा. हे जमले. फक्त जानव्याला लागू नये म्हणून मी आधी त्याच्या वरची बाजू लावून घेई, मग पंचा उचलून खालची. मध्ये जानव्याखालचा पट्टा तेवढा कोरडा राही. तेवढे चालायचेच, असे मी मनाशी म्हटले. आणि भेग काही मिटेना.

रोज सकाळी साडेसातला मेधाचा व्हिडिओ कॉल येई. मी फोन पडवीच्या कट्ट्यावर, तांब्याला टेकवून ठेवत असे. माझे लोशन लावून होईपर्यंत ती तिकडे चहा पीत गप्पा मारी आणि मग म्हणे, "बाबा, पाठ." मी पाठ वळवी. "मधलं अजून तसंच आहे," हे तिचे रोजचे वाक्य. ती ते फार हळू आवाजात म्हणे.

डॉक्टरीणबाईंकडे जायला आठ-नऊ दिवस उरले असतील. त्या सकाळी गारठा चांगलाच होता. स्नान करून मी पाटावर बसलो. फोनवर मेधा कुणा मैत्रिणीच्या नव्या घराबद्दल सांगत होती. मी पंचाची दोन्ही टोके दोन्ही हातांत धरली, वरची बाजू ओढून झाली, आणि खालच्या बाजूसाठी पंचा उचलणार तेवढ्यात त्या मधल्या जागी ऊब लागली. भास म्हणावा इतकी पुसट नव्हती. तळव्यात चोळून कोमट केलेले लोशन टेकावे तशी, रुंद, सावकाश पसरत जाणारी. मला वाटले, ऊन आले. मग आठवले की आमच्या मागच्या पडवीत साडेनवाच्या आत ऊन येत नाही. मी दचकलो नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. थंड थेंबाला दचकणारा मनुष्य मी... स्वस्थ बसून राहिलो. ऋषींनी हलू नये, एवढेच मनात आले.

"बाबा, पाठ."

मी वळलो. पलीकडे मेधाने चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज मधलं पण लागलंय की हो... सगळीकडे सारखं," मेधा म्हणाली. मग थांबून, वेगळ्याच आवाजात, "आणि जानवं आईसारखं घातलंय तुम्ही."

मी खाली पाहिले. जानवे माझ्या गळ्यात माळेसारखे होते.

कॉल संपल्यावर मी हात पुसून ते बोटांनी चाचपून पाहिले. पूर्ण कोरडे. लोशनाचा एक ठिपका त्यावर नव्हता, आणि माझे दोन्ही हात तर तोवर लोशनाने माखलेले होते.

आता मी माझीच उत्तरपत्रिका तपासतो. पंचा ओढताना जानवे सरकले असेल? सरकून ते वरखाली होईल. परंतु उजवा हात त्यातून बाहेर काढल्यावाचून त्याची माळ होत नाही, आणि माझ्या उजव्या मुठीत पंचाचे टोक होते. मीच आधी विसरभोळेपणाने तसे करून बसलो असेन? तर मग त्या दिवशी वरची आणि खालची अशा दोन बाजू जपत मी कशाला बसलो होतो? हात मध्येच सोडला असेल आणि माझ्या ध्यानात राहिले नसेल? वय पाहता ही शंका मला सर्वांत योग्य वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी मेधाला आडून विचारले, "काल मी लावत होतो तेव्हा माझे हात दिसत होते का गं तुला?"

"दोन्ही. घुसळणीची दोरी ओढल्यासारखे. मी हसू दाबत होते. का?"

"सहज."

त्या दिवशी पाटावर बसलो आणि प्रथमच मला कळले की जखम बरोबर तिथे होती, जिथून जानवे मणका ओलांडून जाते. घासत होते ते जानवे. औषध पोचत नव्हते ते जानव्यामुळे, म्हणजे मी त्याला जपत होतो त्यामुळे. सुनंदाने हे एकेचाळीस वर्षे रोज सकाळी बाजूला केले, आणि मी पंडित, रोज सकाळी तिला शास्त्र सांगितले. तिला कारण ठाऊक होते की नाही, कोण जाणे. तिने कधी सांगितले नाही, मी कधी विचारले नाही.

तेव्हापासून मी स्वतः उजवा हात काढून जानवे गळ्यात घेतो आणि मगच पंचा धरतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाअडथळा फिरतो. पौष संपता संपता मेधा पुण्याहून आली आणि डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिले.

"छान भरलंय काका. कोण लावतं?"

"मीच लावतो," मी म्हणालो. मेधा माझ्याकडे पाहत होती. एका सकाळचा अपवाद सोडला तर ते खरेच होते.

मेधाने शब्द पाळला. परतताना तिने स्वतःच विषय काढला, "उन्हाळ्यात मीच येते पंधरा दिवस. देवांना सांगून ठेवा." हा लेख ती वाचेल, तेव्हाच तिलाही सारे कळेल. मेधा, रागावू नकोस. फोनवर सांगण्याजोगे ते नव्हते.

एक शंका मात्र मला काही दिवस छळत होती. वर्षश्राद्ध विधिवत झाले असूनही तिचे मन इथे, माझ्या पाठीपाशी, अडकून राहिले असेल तर? माझ्यासाठी तिची वाट खोळंबली असेल तर? म्हणून एका सकाळी, सगळे नीट लावून झाल्यावर, मी मोठ्याने म्हणालो, "सुनंदा, आता जमतं मला." पडवीत कुणी नव्हते. ती ऊब पुन्हा कधी लागली नाही. इतके दिवस मी कुठेतरी तिची वाट पाहत होतो, हे मला तेव्हा उमगले.

त्या सकाळी माझा हात जानव्यातून कुणी काढला, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. माझ्या उत्तरपत्रिकेच्या समासात पेन्सिलीची एकही खूण झालेली नाही. रोज जानवे गळ्यात घेताना मात्र मी ऋषींचे स्मरण करतो, म्हणजे आता शास्त्राचाही दोष उरला नाही. लावून झाले की पंचा दोरीवर टाकतो, जानवे जागेवर आणतो. फक्त त्या दोन थापा आपल्याच पाठीवर आपल्याला मारता येत नाहीत.