घोंगडं पांघरलेलं इंजिन

धुळाच्या हाताला मेंढरांचा वास होता, तो डिझेलनं घालवला. म्हणजे एक वास गेला आणि दुसरा आला, एवढंच. चिमाबाईचं, त्याच्या बायकोचं, म्हणणं होतं की पहिलाच बरा होता, निदान त्याच्याबरोबर दूध तरी यायचं.

सांगोल्याकडच्या धनगराचा हा मुलगा. लोकरीचे गठ्ठे न्यायला ट्रक यायचा, त्याच्यावर क्लीनर म्हणून चढला तो पुन्हा मेंढरांकडे वळला नाही. काचा पुसता पुसता गाडी शिकला, लायसन काढलं आणि भवानी पेठेत ईश्वरप्पांकडे ड्रायव्हर म्हणून राहिला. ईश्वरप्पांचा चादरींचा धंदा. मोठी काळी मोटार होती त्यांच्याकडे. धुळा तिच्या स्टिअरिंगवर बसला की पाठ अशी ताठ करायचा, जणू मागे मालक नाही, वरात बसली आहे. मुलूखभर त्याच्या जातभाईंत मोटार चालवणारा तो एकटाच. गावी गेला की म्हातारी माणसं त्याच्या हाताकडे बघायची. सगळं सुख त्या चाकामागे होतं त्याचं.

मग पेट्रोल महागलं. इतकं, की ईश्वरप्पा सात रस्त्यापर्यंतसुद्धा टांग्यानं जायला लागले आणि मोटार अंगणात उभी राहायला लागली. उभ्या मोटारीला ड्रायव्हर कशाला लागतो? हे मालकांच्या डोक्यात यायच्या आत धुळाच्या डोक्यात आलं.

"मालक, डिझेलचं इंजिन बशीवू या की," तो म्हणाला. "डिझेल स्वस्त हाय. आन् खातंय बी कमी."

"आणि बिघडलं म्हणजे?"

"मी हाय न्हवं!"

झालं. मौलासाब फिटरनं कुठल्याशा मालमोटारीतून उतरवलेलं विलायती इंजिन आणलं आणि पेट्रोलचं काढून ते बसवलं. चार सिलिंडर, चाळीस घोड्यांची ताकद. आधीचं पन्नास घोड्यांचं होतं, पण हे घोडे कमी खातात, असं मौलासाब म्हणाला. वजनाला मात्र हे भारी. बसवल्याबरोबर मोटारीचं नाक खाली गेलं, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक पाटा घालावा लागला. चालू केलं की दाराच्या काचा, मालकांचा चष्मा आणि आत बसलेल्यांचे गाल, सगळं एकदम थरथरायचं.

मौलासाबनं धुळाला समोर उभं करून समजावलं होतं. "सुन धुळ्या. पेट्रोलला ठिणगी लागते. याला ठिणगी नाही. हे आत हवा दाबतं, दाबून दाबून तापवतं, आणि त्या तापल्या हवेवर डिझेल फवारलं की भडका होतो. खाणं डिझेल, पण जान हवेत. विलायतेत तर म्हणे धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात आणखी हवा कोंबतात, टर्बो म्हणतात त्याला. आपल्याला ते नको. आहे ती हवा साफ मिळू दे. हा डबा आठवड्याला धुवायचा. समझा?"

डबा म्हणजे एअर क्लीनर. आत तेल लावलेली जाळी, धूळ तिथंच अडते.

"समजलं की, उस्ताद," धुळा म्हणाला.

उन्हाळाभर इंजिन बरं चाललं. दुखणी होतीच. डिझेलच्या नळीचा सांधा ढिला झाला की तिच्यातून हवा शिरायची आणि गाडी भर रस्त्यात बसायची. मग पंपाचा स्क्रू सैल करून डिझेलबरोबरचे बुडबुडे काढत बसा. डिझेल फवारणारं नोझल कचऱ्यानं तुंबायचं. पाणी कमी पडलं की डोकं तापायचं. पण ही दुखणी धुळाला कळायची. मेंढराला काय झालंय ते तोंडावरनं ओळखणारा माणूस तो, आवाजावरून इंजिनाचं ओळखायला लागला.

थंडी पडली आणि नवंच सुरू झालं. सकाळी इंजिन उठेना. आतली हिटरची तार लाल व्हायची, स्टार्टर घुर्रर्र करायचा, पांढरा धूर निघायचा आणि पुन्हा सामसूम. आता हिवाळ्यात जन्मलेलं कोकरू गारठलं तर धनगर काय करतो? घोंगड्यात गुंडाळतो. धुळानं तेच केलं. घरातलं नवं काळं घोंगडं आणलं, संध्याकाळी बॉनेट उघडून गरम इंजिनावर पांघरलं आणि बॉनेट लावून टाकलं.

"अवं, त्ये घोंगडं माज्या बापानं दिल्यालं हाय," चिमाबाई म्हणाली. "आमी काय पांघरायचं?"

"तुला थंडी वाजली तर तू सांगशील. त्येला तोंड हाय का?"

"त्येला तोंड न्हाय म्हनूनच तुमचं त्येच्याशी जमतंय."

पण उपाय लागू पडला. सकाळी इंजिन दोन हाकांत उठायला लागलं. धुळाला इतकं बरं वाटलं की इंजिन उठल्याबरोबर त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढणंही त्याला बरं वाटेना. चांगलं तापेपर्यंत तो घोंगडं तसंच ठेवायचा, इंजिन चालू असताना. आणि डबा धुवायचंही त्यानं सोडून दिलं. एवढं जाड घोंगडं वर असताना धूळ शिरणार कुठून?

संक्रांतीच्या सुमाराला गाडी काळा धूर ओकायला लागली. ओढ गेली. डिझेल मात्र दुप्पट प्यायला लागली. मौलासाबनं नोझल बदललं, मग पंप उघडला, मग पुन्हा नोझल.

"डबा धुतलास ना?" त्यानं विचारलं.

"धुतला की," धुळा म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून बोलला नाही तो. धूळच जात नाही तर धुतल्यासारखाच झाला, असं त्याच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग नागव्वांना तुळजापूरला जायचं झालं. नागव्वा म्हणजे ईश्वरप्पांच्या आई. जिभेनं तिखट, कानानं त्याहून तिखट. घाट लागला आणि गाडी दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात आली, पहिल्यातून थांबली. मागे धुराचा असा लोट की मागून येणारी एस.टी. दिसेना. शेजारून एक बैलगाडी चढून गेली. गाडीवान मागे वळून वळून बघत होता.

"धुळा, किती घोड्यांचं रे हे?" नागव्वांनी विचारलं.

"चाळीस, अव्वा."

"त्यातले किती जिवंत आहेत?"

नागव्वा उरलेला घाट एस.टी.नं चढल्या. देवीसमोर काय बोलल्या कोण जाणे, घरी येऊन मुलासमोर काय बोलल्या ते गल्लीनं ऐकलं.

ईश्वरप्पांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला. "अमावास्या होऊ दे. तोवर गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर हे धूड काढायचं. आणि धुळा, हे तुझ्या शब्दावर बसवलंय. ते गेलं की तूही गेलास." मौलासाबबद्दल तर ते सात रस्त्यावरच्या हॉटेलात ज्याला त्याला सांगत होते की त्याला फिटर म्हणू नका, लोहार म्हणा. मौलासाबकडे येणाऱ्या दोन टॅक्स्या दुसरीकडे जायला लागल्या.

धुळा गाडी घेऊन मौलासाबकडे गेला. सगळं खोलून झालं होतं, आता काय खोलणार? उगीच हाताला चाळा म्हणून मौलासाबनं डब्याचा नट फिरवला आणि झाकण काढलं.

आत जाळी दिसतच नव्हती. तेलानं चिंब झालेला लोकरीचा गोळा बसला होता, काळाभोर, मुठीएवढा. मौलासाबनं तो चिमटीत धरून उचलला.

"धुळ्या, या गाडीच्या पोटात मेंढी कधी मेली?"

नव्या घोंगड्याची लव सुटते हे धुळाला लहानपणापासून ठाऊक होतं, अंगरख्यावर रोज झटकत आला होता तो. इंजिन श्वास घेतं हेही ठाऊक होतं. दोन्ही एकत्र करायचं राहून गेलं होतं.

जाळी धुतली, तिला नवं तेल लावलं, इंजिन चालू केलं. धूर गेला. आवाज कसा मोकळा झाला.

मौलासाब हात पुसत म्हणाला, "मालकाला सांगतो, नोझल खराब होतं. तिसरं बसवलं, ठीक झालं. तुझी नोकरी राहील."

"आन् तुमचं नाव?"

"माझं काय, गेलंच आहे. हळूहळू येईल परत."

दोघं पेढीवर आले. ईश्वरप्पा गादीवर, नागव्वा दाराशी शेंगा निवडत. मौलासाबनं घसा साफ केला. "शेठ, ते नोझल..."

"नोजल न्हवतं मालक," धुळा मधेच बोलला. त्यानं फडक्यात बांधलेला गोळा काढून गादीच्या कडेला ठेवला. "माज्या घोंगड्याची लोकर हाय. डबा मी धुतलाच न्हाई. उस्तादला धुतला म्हनून सांगितलं."

नागव्वांनी गोळा उचलून बोटांत चोळला. "लोकर चांगली आहे रे," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

ईश्वरप्पा हसले नाहीत. "गावभर या मौलाला शिव्या दिल्या मी," ते म्हणाले. "आता त्याच हॉटेलात जाऊन काय सांगू?"

"ईशा, खरं बोलला की तो," नागव्वा म्हणाल्या.

"डबा धुतला हेही तोच बोलला होता, अव्वा. पुढच्या वेळी कुठलं खरं धरू? इंजिन राहू दे. धुळा, चावी ठेव."

धुळानं चावी ठेवली. एकदा उचलली, तिला लागलेलं तेल धोतराला पुसलं आणि पुन्हा ठेवली.

ईश्वरप्पा शब्दाचे पक्के. ते खरंच हॉटेलात गेले, सगळ्यांसमोर म्हणाले की चूक मौलाची नव्हती, आणि चहा न घेता परत आले. टॅक्स्या परत आल्या. मौलासाबला हाताखाली माणूस लागायला लागला, तेव्हा त्यानं धुळालाच घेतलं. पहिलं वर्षभर त्याला एकच काम दिलं, डबे धुवायचं. पुढं मात्र डिझेलचं दुखणं ऐकून सांगणारा म्हणून लोक त्यालाच विचारत यायला लागले. चिमाबाई म्हणायची, वास तर तोच हाय, निदान आता चार लोक इचारत्यात.

ईश्वरप्पांनी रेवणसिद्ध नावाचा नवा ड्रायव्हर ठेवला. तो महिन्याकाठी गाडी दाखवायला आणायचा. काही नसलं तरी धुळा बॉनेट उघडून कान लावायचा, इकडे तिकडे पाना फिरवायचा, मग म्हणायचा, "सरक, ट्रायल घेतो."

ट्रायलला कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी पुरतं. धुळा आधी सात रस्त्यापर्यंत जायचा. मग अक्कलकोट नाक्यापर्यंत जायला लागला. रेवणसिद्ध मौलासाबच्या बाकड्यावर दुसरा चहा मागवून बसायचा. त्यानं मालकांना कधी सांगितलं नाही, आणि मालकांनी गाडी इतक्या वेळ कुठं होती ते कधी विचारलं नाही. धुळा परत यायचा तो पाठ ताठ करूनच.

"कशी हाय?" रेवणसिद्ध विचारायचा.

"बरी हाय," धुळा म्हणायचा. "पुढच्या महिन्यात पुन्यांदा आन. खात्री करायला पायजे."